सराईत

बाबा, आज दुपारी ऑफिसात एकाशी तुमच्याबद्दल बोललो आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. फुनाबोरीचं हे घर ते केवढं, उठलं की भिंतच येते. लेक जपानीत ओरडली, "सुवात्ते!" म्हणजे बस एकदाचा. बसलो, आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो. मी जपानात कॉम्प्युटरवर पोट भरेन हे तुम्हाला स्वप्नातही आलं नसतं.

आमच्या प्रोजेक्टवर एक काळा अमेरिकन आहे. स्टेशनबाहेर पोलीस आम्हा दोघांनाही परदेशी रहिवाशाचं कार्ड दाखवायला थांबवतात. माझं बघून सोडतात, त्याची बॅगसुद्धा उघडतात. आज सकाळी तेच झालं, आणि जेवताना तो पहिल्यांदाच भावाबद्दल बोलला. भावानं दुकानातून एक जॅकेट उचललं. त्याआधी कोवळ्या वयात दोन घरफोड्या केलेल्या. त्यांच्या राज्यात तिसऱ्या गुन्ह्याला थेट जन्मठेप, तीच त्याला लागली. घरफोड्यांत एक गोरा मित्रही बरोबर होता, पण सरकारी वकिलानं त्याचा गुन्हा किरकोळ करून टाकला. तो मित्र आज गाड्या विकतो.

"दे कॉल हिम हॅबिच्युअल," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "सराईत."

"सो माय ब्रदर इज सराईत-सान," असा जपानी आदराचा 'सान' लावून तो हसला. मला हसता येईना.

तो शब्द तुमचा, बाबा. आई भराभर पोळ्या लाटायची तेव्हा तुम्ही कौतुकानं म्हणायचात, "सराईत हात आहे हिचा." आणि त्याच स्वयंपाकघरात तुम्ही कोर्टातून येऊन पाटावर बसलाय, आमटी भुरकताय. विहिरीवरची मोटर चोरल्याच्या केसमध्ये एका पारध्याला शिक्षा लागलीय, तीही तुम्ही मागितली तेवढी. "आरोपी सराईत आहे म्हटलं की झालं," तुम्ही सांगताय. आई विचारते, "पण मोटर त्यानंच नेली कशावरून?" "अगं, पारधी आहे तो," म्हणून तुम्ही वाटी पुढे करता. "मग?" असं मी विचारलं, तर "जेवताना वकिली नको" म्हणून मला गप्प बसवलंत.

तुम्ही वाईट असतात तर सोपं होतं. कुणा आरोपीच्या नातेवाइकानं आणलेली आंब्यांची पेटी तुम्ही दारातूनच परत पाठवलीत, आम्ही भावंडांनी भोकाड पसरलं तरी. तुमच्याइतका सरळ माणूस मी अजून पाहिलेला नाही आणि म्हणूनच तुमचा इतका राग येतो. पेटीला हात लावला नाहीत. त्या पारध्याची वर्षं मात्र बिनघोर मागून घेतलीत.

तुम्ही सरकारी वकील होतात हे मी मागे फुशारकीनं त्या अमेरिकनाला सांगितलं होतं. डबा बंद करताना त्यानं विचारलं, "तिथे तुझे वडील असते, तर माझ्या भावाला जन्मठेप मागितली असती त्यांनी?"

"नो. नेव्हर," मी म्हणालो, त्याच्या डोळ्यांत बघत.

त्यानं डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "आय विश ही वॉज देअर."

हे कुठे धाडायचं नाहीये, म्हणून खरं लिहितो. तुम्ही मागितली असतीत. त्याला वाटलं, मी त्याला धीर देतोय. मी तुम्हाला सोडवत होतो.