पाकिटावरच्या चित्राबरहुकूम

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनच करणार होते. नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘असू दे गं ताई’ म्हणून मोकळा होतोस आणि मग मीही हवापाण्याच्या गप्पा मारत बसते. या वेळी तुला मला मध्येच अडवता येऊ नये, म्हणून कागद घेतला. वर्कशॉपमध्ये आज कुणी नाही. समोर एका डॉक्टरीणबाईंचं जेवणाचं टेबल पॉलिशला आलंय, ते अर्धवट घासून तसंच ठेवलंय. राहू दे थोडा वेळ.

गिटार तुझी, पण तिची वाट लावली मी, हे आधी लिहून टाकते. लग्नानंतरच्या त्या दीड खोलीत जागा नव्हती म्हणून तू ती माझ्याकडे आणून दिलीस. लाकडाची वस्तू लाकडाच्या माणसाकडेच बरी, असं म्हणालास. मी मारे ‘आण रे’ म्हणाले, पोटमाळ्यावर ढकलली, वर टर्पेंटाइनचे डबे रचले आणि विसरून गेले. पत्र्यातून पाणी गळतं हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. माझ्या सागवानी फळ्या मी दर पावसाळ्याआधी ताडपत्रीखाली झाकत होते. तुझी गिटार तेवढी उघडी राहिली. इतक्या वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस आणि मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला, की याचं खूळ गेलं एकदाचं.

मग तो तुझा ढोलवाला मित्र आला, गडगड्या. जुनी मंडळी एक संध्याकाळ पुन्हा वाजवणार आहेत आणि तू तेवढा नाही म्हणतोयस, गिटारच राहिली नाही म्हणतोयस, असं सांगायला. माझ्याकडे तो रागानं बघत नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर शिडी लावली. काय अवस्था होती, अरे देवा! रंगाचे पोपडे सुटलेले, तारा गंजून तुटलेल्या, खुंट्या फिरेनात, मानेवरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर, आणि जिथं वायर खोचतात त्या भोकात कोळ्यानं संसार मांडलेला. तिला मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडले. तुला हे सांगितलं नव्हतं.

रडून झाल्यावर मात्र अंगात आलं माझ्या. गिऱ्हाइकांना आजारी आहे म्हणून थापा मारल्या. आतल्या तारा आणि बटणं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून जोडून घेतली. बाकी सगळं माझ्या हातचं. जुना रंग खरवडला, जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत घासत गेले, आणि खालून काय लाकूड निघालं रे! तुम्ही लोकांनी असल्या लाकडाला तो भडक लाल रंग फासला होता, तुम्हाला फटकेच द्यायला हवेत. लाखेच्या पॉलिशचे हात देत गेले. एक हात, वाळू द्यायचं, हलकं घासायचं, पुन्हा हात. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. आपण पाप फेडतोय आणि वर कौतुकही होणार, असं दुहेरी सुख.

आणि मला त्या गिटारीत खोडीच खोडी दिसत होत्या. मानेच्या दोन बाजूंना शिंगांसारखी टोकं असतात, त्यातल्या वरच्या शिंगावर गळ्यातला पट्टा अडकवायची खुंटी असते, तर तुझ्या गिटारीला खालच्या शिंगात कुणीतरी भोक पाडून ती तिथं हलवलेली. मानेच्या टोकाशी ती हाडाची पट्टी असते ना, जिच्या खाचांतून तारा जातात, ती उलटी बसवून कानशीनं ओबडधोबड खरवडलेली. तुटक्या तारासुद्धा उलट्या, जाड खाली आणि बारीक वर. आवाजाचं एक बटण काढूनच टाकलेलं. खालच्या कडेला रंग घासून गुळगुळीत झालेला. मला वाटलं, फरशीवर ठेवून ठेवून घासला असेल, हा पोरगा वस्तू वापरतोच तशी. कुणा अनाड्यानं हे उद्योग केलेत म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग खालचं भोक लाकडी खुंटी ठोकून असं बुजवलं की नखालासुद्धा लागू नये. हाडाची पट्टी नवी आणली, नवं बटण बसवलं, कड घासून एकसारखी केली. तारा लावताना पाकीट समोर ठेवलं आणि त्यावरच्या चित्राबरहुकूम एकेक तार चढवली. आपण आयुष्यात एवढं नीट काम केलं नाही असं वाटलं मला.

तुला ती दिली तेव्हाचा तुझा चेहरा आठवतोय. तू गिटारची पेटी उघडलीस, बोट फिरवत फिरवत खालच्या शिंगापाशी आलास आणि थांबलास. डोळे भरले तुझे. मी आपली खूश! म्हटलं, पोराला गहिवरून आलं.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसले होते, शेजारच्या अनोळखी बाईंना गिटार कुणी दुरुस्त केली ते सांगत. ती स्टँडवर झळकत होती आणि तू बाजूला खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होतास, बोट दुखावलंय म्हणून. बाहेर आल्यावर मी तुला सगळ्यांसमोर काय काय बोलले! एवढं राबले मी, हाताची सालं निघाली, आणि तुला एक गाणं वाजवता येईना? बोटाला काय धाड भरलीय? तू हसलास आणि म्हणालास, ‘फार सुंदर झालीय गं ताई.’ मी रिक्षात बसले तरी तणतणत होते.

परवा गडगड्या त्याचं स्टूल चिकटवून घ्यायला आला. मी त्याच्यापाशीही तुझी गाऱ्हाणी सुरू केली. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू विचारलं, ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही? तो डाव्या हातानं वाजवतो. पहिल्यापासून. डावऱ्यांची गिटार मिळत नव्हती म्हणून त्यानं स्वतःच भोक पाडून, पट्टी उलटी करून, तारा फिरवून ती आपल्याजोगी केली होती. हाताला आडवं येतं म्हणून बटण काढलं होतं. त्या कडेचा रंग त्याच्याच हातानं झिजला होता. बाकी सगळ्यांच्या गिटारी उजव्या, मग ऐन वेळी मागणार कुणाकडे? आम्ही म्हटलं, ही पुन्हा फिरवून घेऊ, तर म्हणाला, हात लावायचा नाही, ताईला कळलं तर तिला वाईट वाटेल.

धाकट्या, स्टूलला लावलेला डिंक वाळून गेला तरी मी तशीच उभी होते. तुझी एवढी वर्षं वाजवण्यात गेली आणि मी तुला वाजवताना एकदाही बघितलेलं नाही. एकदा जरी बघितलं असतं तरी ती खालची कड बघून मला कळलं असतं. तुमचा कार्यक्रम असला की मला नेमकं कुणाचं तरी कपाट पोचवायचं असायचं. आणि खरं सांगू? डावऱ्याचं मी विसरूनच गेले होते. माझ्या लेखी ते कधीच मिटलं होतं, कारण ते मीच मिटवलं होतं. बाबांनी सांगितलं, याचा हात वळव, आणि मी तुझी पाटी-पेन्सिल घेऊन बसायची. तू पेन्सिल डाव्या हातात घेतलीस की काढून उजव्यात द्यायची, पुन्हा घेतलीस की पुन्हा. मारलं कधी नाही, पण सोडलंही नाही. तू निमूट ऐकलंस. मोठा झाल्यावर एक वस्तू शोधलीस जिथं तुझा हात तुझा होता, आणि मी तीही पकडून, घासून, पॉलिश करून सरळ करून टाकली. आणि तू परत निमूट ऐकलंस. तुला राग का येत नाही रे? एकदा तरी ओरड माझ्यावर.

आता कामाचं. मी कुठली वस्तू फेकत नाही हे तुला माहीत आहे. तुझी ती ओबडधोबड हाडाची पट्टी माझ्या खिळ्यांच्या डब्यात आहे. ठोकलेली लाकडी खुंटी ड्रिलनं निघेल. झिजलेली कड मात्र मला परत आणता येणार नाही. ती तुझी तुलाच पुन्हा झिजवावी लागेल, त्याला वेळ लागेल. रविवारी गिटार घेऊन ये. भोक मी पाडते, तारा तू चढव, आणि मग इथंच त्या टेबलावर बसून वाजव. मी समोर बसेन. गडगड्याला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला तू वाजवणार आहेस.

या खालच्या ओळी मी डाव्या हातानं लिहितेय. लहान पोरासारखं अक्षर आलंय, हात भरून आलाय, आणि कुणी पेन काढून उजव्या हातात दिलं तर बरं असं वाटतंय. कुणी दिलं नाही. तुला मात्र मी रोज देत होते.

ये रे.

तुझीच,
ताई