वरच्या टोकाचं पान

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे? हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारते.

काल सातवीच्या मुलींची सहल घेऊन आपल्या पाण्याच्या पुलावर गेले होते. आता तिथे तिकीट लागतं. आधी गोऱ्या साहेबाचा बंगला दाखवला, मग घड्याळाचा मनोरा (साहेब गेला तेव्हापासून बंद, बहुतेक दुखवटा पाळतोय), आणि मग पाट वाहून नेणाऱ्या कमानी. गाइड म्हणाला, "हे सगळं एका साहेबाने बांधलं."

"एकट्याने? दगड वाहायला मडम होती का?"

मुली हसल्या. तो नाही हसला. "बाई, फलकावर तेवढंच लिहिलंय."

एकतीस वर्षं तो पाट वाहता ठेवणारे आपले बाबा फलकावर कुठून येणार? म्हणून मीच सांगितलं. वरच्या टोकाला पाण्यात पान सोडायचं, खालच्या टोकाला कधी पोचतं ते बघायचं. उशीर झाला की कुठेतरी गाळ साचलाय. मी वर, तू खाली. एकदा मैत्रिणीच्या नादात मी पान सोडलंच नाही. तू दुपारभर पाण्याकडे डोळे लावून बसलास. बाबांनी अख्खा पाट उपसायला काढला आणि बोलणी तू खाल्लीस, "लक्ष कुठे होतं तुझं?" मी गप्प.

एका मुलीने विचारलं, "मग बाई, तुम्ही खरं कधी सांगितलंत?"

कार्टीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

दादा, बाबा दवाखान्यात असताना तू रोज फोन करायचास आणि मी रोज सांगायची, "ते अजून रागावलेत, इतक्यात येऊ नकोस." ते रागावले नव्हते. रोज विचारायचे, "तो निघाला का?" राग माझा होता. त्यांचं सगळं माझ्या गळ्यात टाकून तू लांब जाऊन बसलास, याचा. म्हटलं, आणखी दोन दिवस तडफडू दे, मग बोलावू. तेवढे दोन दिवस बाबांकडे नव्हते.

ते गेल्यावर तू दारात उभा राहून म्हणालास, "मला माफ न करताच गेले." तेव्हाही मी गप्प.

पाट आता कोरडा आहे. तरी वरच्या टोकाशी पडलेलं एक पान उचललं. या पाकिटात आहे. पोचलं की कळव. नाही कळवलंस, तर गाळ कुठे साचलाय ते मला शोधावं लागणार नाही.

अजून वरच्या टोकालाच उभी,
तू जिला बडबडी म्हणायचास ती