पेन्सिल न लागलेली निगेटिव्ह

बाबा, आज वर्गात इमल्शन शिकवलं. बाटलीत तेल आणि पाणी हलवून ते वेगळं होताना दाखवलं, मग साबण घालून दोन्ही एकत्र धरून ठेवलं. एका मुलीने विचारलं, फोटोच्या फिल्मवर असतं ते हेच का. म्हटलं, नाही, तिथे नुसतं नाव तेच; जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे कण अडकलेले असतात. मी कॉलेजात असताना तुम्हालाही हेच सांगितलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "मग कंपनीला सांगून नाव बदलून घे." आज ते आठवलं आणि पुढे शिकवावंसंच वाटेना. उरलेला तास बसूनच घेतला.

घाटकोपरच्या आपल्या स्टुडिओत मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापायचं की निगेटिव्हवरचा थर मऊ पडून सुटायचा. मग तुम्ही कोळणीकडून बर्फ आणून ट्रेभोवती रचायचात आणि डार्करूमला मासळीचा वास यायचा. इमल्शनची बाजू तुम्ही फिल्मचा कोपरा ओठाला लावून ओळखायचात, चिकटायची ती. वाळल्यावर त्याच बाजूवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने लग्नाच्या मुलींचे देवीचे व्रण भरायचात. तिथे शिसं लागलं की छापलेल्या फोटोत गाल स्वच्छ यायचा. मुलींच्या आया हळूच म्हणायच्या, जरा बघा हं. तुम्ही मान हलवायचात.

मग माझ्या फोटोची वेळ आली. देवीचे व्रण माझ्याही गालांवर होते. स्थळ मुलुंडचं होतं. त्या मुलाला मी एका लग्नात लांबून पाहिलं होतं, आणि तो मला आवडला होता. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "अहो, जगाच्या पोरींना गुळगुळीत करता, आपलीच तेवढी खडबडीत पाठवणार?" तुम्ही पेन्सिल उचललीच नाही. "उद्या तिला कुणी फसवलंत म्हणायला नको. आहे तशी आवडली तर येतील." आईने दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. फोटो गेला आणि आठवड्याभरात परत आला. पुढची स्थळंही तशीच गेली, मग बघणंच थांबलं.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा ऐकणारे गहिवरतात, काय वडील होते म्हणतात. मी हो म्हणते, आणि ते खोटंही नाही. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. बाबा, मला ते व्रण भरून हवे होते. फसवलं असतं तर फसवलं असतं. नंतरचं त्याने आणि मी बघितलं असतं.