तापीवरची पाखरांची वही

तापीकाठ, ता. शहादा, जि. धुळे
रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

चि. बन्सीलाल यास,

मावशीच्या माघारी तुला रागावण्याचा अधिकार जिच्याकडे उरला आहे त्या मंगलाक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे मी, शाळा आणि माझा गुडघा, तिघेही बऱ्यापैकी आहोत. तुझी प्रकृती कशी आहे? मत्स्यखात्याच्या लाँचमध्ये बसल्यावर अजून पोटात ढवळते का? (समुद्रावर नोकरी करणाऱ्या माणसाला बोट लागावी हे मी इथे कुणाला सांगितलेले नाही. सगळ्यांना वाटते की तू पोहत कचेरीला जातोस.) आल्याचा तुकडा दाढेखाली धरत जा. सौ. सुमनला आशीर्वाद सांग, आणि हे पत्र एखाद्या खुर्चीत बसून वाच.

तू गेल्या दिवाळीत आलास तेव्हा घाटाच्या पायरीवर बसून मला जे समजावलेस ते माझ्या चांगले लक्षात आहे. पाण्याखाली काय चालले आहे ते माणसाला दिसत नाही, पाखराला दिसते. म्हणून समुद्रपाखरे किती आली, कुठे बसली, त्यांच्या चोचीत कोणता मासा आहे, हे नीट लिहून ठेवले की खाली कोणता मासा वाढला, कोणता घटला, कोणता दूर गेला ते कळते. ही पांढरी, राखी पंखांची कुरव पाखरे थंडीत सुरतेच्या खाडीकडून तापीने वर इथपर्यंत येतात, म्हणजे तिकडच्या पाण्याची बातमी आपल्या दारात आणतात, असे तू म्हणालास आणि शंभर पानी वही माझ्या हातात दिलीस. मला ते फार आवडले. चाळिशी उलटलेल्या बाईला कुणी सांगावे की तू रोज जे नुसते बघत बसतेस ते उपयोगाचे आहे, याचा आनंद तुला कळायचा नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी आठ ते साडेआठ घाटावर बसत आले. पाखराने पाण्यावर झडप घातली की एक उभी रेघ, मासा मिळाला की त्या रेघेला छेद. माशांची नावे मला ठाऊक नव्हती (आपल्या घरात मासा फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता), म्हणून मी मापे भाजीत लिहीत गेले: भेंडीएवढा, पडवळाच्या फोडीएवढा, मिशांचा वांग्याएवढा. तुझ्या साहेबांना तो तक्ता वाचून भूक लागली असे तू लिहिलेस, त्याबद्दल मला जरा रागच आला होता. डिसेंबरात साठ पाखरे होती आणि चाळीस झडपांना वीस-बावीस मासे पडत. जानेवारीत पाखरे दीडशेवर गेली आणि मासे आले सातावर, मग तिनावर, मग एकावर. शेवटच्या आठवड्यात तर पाखरे नुसती पायऱ्यांवर बसून राहत आणि मी त्यांच्याकडे, ती माझ्याकडे बघत असू. मी घाबरून तुला लिहिले, "तापीतले मासे संपत आले असावेत." लिहिताना डोळ्यांत पाणी आले होते. ते वाक्य मी दोनदा वाचलेही. (चांगले उतरले होते.)

त्या वाक्यावर तू अहवाल रचलास. समुद्रात मासा घटला म्हणून पाखरे नदीवर लोटली आणि नदीतला मासा त्यांनी संपवला, हा तुझा सिद्धांत. मी तो शाळेतल्या मोठ्या बाईंना वाचूनही दाखवला.

आता घडले ते सांगते. गेल्या सोमवारी दिवाल्या शाळेत आला. दिवाल्या म्हणजे घाटाच्या खालच्या अंगाला ज्याची जाळी वाळत असतात तो. तो, त्याची बायको तापीबाई आणि चार लेकरे त्या जाळ्यांवर जगतात. त्याच्या हाती एक नोटीस होती आणि ती वाचून दाखवायला तो माझ्याकडे आला होता, कारण गावातली निम्मी कागदपत्रे मीच वाचून दाखवते. मी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. एक मार्चपासून दोन वर्षे या टप्प्यात जाळे टाकण्यास बंदी करण्याचे योजिले आहे. का? तर "स्थानिक निरीक्षकाच्या दैनंदिन नोंदींनुसार" मासळी चिंताजनक घटली आहे. इथे मी तीच ओळ पुन्हा एकदा वाचली. दिवाल्या म्हणाला, "बाई, हाऊ निरीक्षक कोण शे? त्याले मी कधी नदीवर देखा नही."

बन्सी, तो मला रोज बघतो. रोज राम राम करतो. पण त्याला वाटते, एकटी बाई आहे, मन रमवायला येऊन बसते. (तेही अगदी खोटे नाही.) मी नुसतेच विचारले की मासे खरेच कमी झालेत का. तो हसला. "मासा कोठे कमी व्हयनात? पाखरे माजी ग्यात. पोट भरेल शे ते मासा कसाले धरतीन? तुन्ही घरमालकीन रोज टोपलं भरी खावाडस त्यास्ले."

मी त्याच पावली घरी आले. माझ्या घरमालकीण रेवाबाई तुला आठवत असतील. तू जेवताना अंड्याचा विषय काढलास तेव्हा उठून आत गेल्या त्या. गुजर घर, केळीची बाग, आणि घरात मुंगीच्या वाटेवरही साखर. महिनाभर मला पहाटे बेसन तळल्याचा वास येत होता. मला वाटे, मुलाच्या दुकानासाठी गाठिया तळतात. मीही येता-जाता मूठभर खात होते. ती सगळी टोपली मी उठायच्या आत घाटावर जात होती आणि पाखरे आठ वाजेपर्यंत तृप्त होऊन बसत होती. तुला मी पाखरांच्या विष्ठेतल्या ज्या अनोळखी बारीक बिया पाकिटातून पाठवल्या आणि ज्या तुम्ही तपासणीला पुण्यास धाडल्या, तो त्या गाठियांतला ओवा आहे. त्यांना कळवून टाक.

का केले हे असे, म्हणून विचारले तर रेवाबाई चकित झाल्या. ते माझ्यामुळेच होते. डिसेंबरात एका संध्याकाळी मी कौतुकाने त्यांना वही वाचून दाखवली होती: आज बावीस मासे. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. आता बोलल्या. "बावीस जीव, बाई! नि तू बठी बठी मोजस?" आपल्या छपराखाली राहणारी बाई रोज इतके मरण मोजते आणि थांबवत नाही, हे त्यांना सहन झाले नाही. मला बोलायचा संकोच, म्हणून त्यांनी पाखरांचीच सोय केली. मासाही जगला, पाखरूही उपाशी नाही. मग रोज संध्याकाळी त्या मला विचारत, आज किती? मी खिन्नपणे म्हणे, तीनच. त्या हात जोडत. मला वाटे, नदीच्या दुःखाने. मी तुला लिहिले होते ना, की माझ्या घरमालकिणीलाही आता शास्त्राची गोडी लागली आहे?

नोटिशीचे ऐकल्यावर तर त्यांचा चेहरा उजळला. दोन वर्षे जाळेच नाही! "हाई ते तुन्हा वहीनं पुण्य शे." मी म्हटले, आणि तापीबाईची लेकरे? तापीबाई त्यांच्याच शेतात कापूस वेचायला येते, धाकटीला झाडाखाली झोळीत झोपवते, ती झोळी रेवाबाईंच्या जुन्या लुगड्याची आहे. शेवटी म्हणाल्या, "चार दिन. पाचवा दिन नही." चार दिवस टोपली बंद, तोवर मी खरी मोजणी करायची. आणि त्या चार दिवसांत जे मासे जातील त्यांच्यासाठी त्यांनी स्वतः उपास धरला. मी शेवटचा आकडा सांगेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही.

मी दिवाल्याच्या झोपडीत जाऊन सांगितले की तो निरीक्षक मी. (आयुष्यात हुद्दा मिळाला तो असा.) तापीबाई म्हणाली, "शाळामा पोऱ्यास्नी चूक व्हयनी की तू हात पुढे कराले लावस ना? मंग कर हात पुढे." मी केला. तिने त्यात ओंजळभर बोरे टाकली. मला छडी चालली असती.

बुधवारी आणि गुरुवारी पाखरांनी एकही झडप घातली नाही. दीडशे पाखरे रेवाबाईंच्या घराकडे तोंड करून ओरडत होती आणि आत रेवाबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. शुक्रवारी निम्मी उडून गेली. उरलेल्यांनी आळसावल्यासारख्या नऊ झडपा घातल्या, मासे दोन. काल शनिवारी पाखरे बासष्ट, झडपा अडतीस, मासे एकोणीस. डिसेंबरातलेच प्रमाण, बन्सी. भेंडीएवढे बारा, वांग्याएवढा एक, बाकीचे गवारीच्या शेंगेएवढे. नदी आहे तशी आहे. घाटावर बसून मी रडले, आणि यावेळी वाक्य वगैरे काही सुचले नाही.

तुझ्या पद्धतीवर माझा अजून पूर्ण विश्वास आहे. पाखरू खोटे बोलत नाही. ते फक्त नदीचेच सांगते असे नाही, काठावरच्या माणसांचेही सांगते, एवढे आपण दोघे विसरलो.

गुडघ्याला तेल लावायची वेळ झाली. सुमनला सांभाळ. मुलांना माझे गोड गोड पापे.

तुझी,
मंगलाक्का

ता. क. पत्राचे खरे काम राहिलेच. एक मार्चला बारा दिवस आहेत. हे पत्र पोचताच साहेबांकडे जा आणि बंदी मागे घेतल्याची तार शहाद्याच्या कचेरीला लगेच करव. अहवालात चूक कुणाची असे विचारले तर माझे पूर्ण नाव लिही, "स्थानिक निरीक्षक" लिहू नकोस. तुझा सिद्धांत जाईल, त्याचे मला वाईट वाटते. दुसरा सुचेल. तारेची एक प्रत मलाही पाठव. दिवाल्याला मी ती मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

ता. क. २. सोबतच्या डब्यात पाच शेर गाठिया आहेत. ते तुझ्यासाठी नाहीत. रेवाबाईंनी तुझ्या समुद्रावरच्या पाखरांसाठी दिलेत, आणि तिकडे पाखरे एकंदर किती, हे विचारले आहे. कमी सांग.

ता. क. ३. काल मी घाटावरून आले तेव्हा रेवाबाई दारात उभ्या होत्या, चार दिवसांच्या उपासाने भिंत धरून. "किती?" मी नऊ म्हटले. मग त्या जेवायला बसल्या. तुझ्या तक्त्यात एकोणीसच लिही. फक्त उत्तर कार्डावर पाठवू नकोस, पाकिटात पाठव. माझी कार्डे त्या पोस्टमनकडून वाचून घेतात.