इस्त्रीवालीवरचा आळ

सोमवार, ४ मार्च

बसले एकदाचे! चार कॅमेरे — एक दारावर, एक शिलाईच्या रांगेवर, एक कापायच्या टेबलावर, एक इस्त्रीवर. जावईबापूंचा आग्रह. मागच्या महिन्यात गणवेशांचा एक गठ्ठा दिसेना, तेवढं निमित्त त्यांना पुरलं. (गठ्ठा नंतर आमच्याच माळ्यावर निघाला, पण तोवर कॅमेरे सांगून झाले होते.)

बसवणारा माणूस गेल्यावर जावईबापू हळूच म्हणाले, "बाबा, यात आवाजही येतो बरं का. आता कान कारखान्यात ठेवून घरी यायचं."

जिन्याखाली एका मशीनवर सुरुवात केलेला माणूस मी. सुई बोथट झाली की पाठमोरा असलो तरी आवाजावरून सांगतो. माझ्यासारख्याच्या हातात हे द्यायचं म्हणजे काय ते जावईबापूंना कळायला हवं होतं.

कामावरच्या सगळ्यांना चित्राचं सांगितलं. आवाजाचं सांगायचं राहिलं. — नाही, वहीत तरी खोटं कशाला? मुद्दामच सांगितलं नाही.

बुधवार, ६ मार्च

दुपारी जेवायला घरी. एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. तिसऱ्या मशीनचा पट्टा सैल झालाय, हे पानावर बसून कळलं. काय वस्तू आहे! परत गेल्यावर उगाच त्या रांगेतून फेरी मारली, थबकलो, मान वाकडी केली आणि मग मला तो 'ऐकू' आला. मेकॅनिक म्हणाला, "मालक, कान आहे की काय आहे तुमचा." मी गंभीर चेहरा करून पुढे गेलो.

सोमवार, ११ मार्च

मला माघारी 'टाचणी' म्हणतात. इतक्या वर्षांत पत्ता नव्हता. अंगाने बारीक म्हणून की सगळ्यांना टोचतो म्हणून, ते कोणी बोललं नाही. पाच मिनिटं फोन कानाला लावून वाट पाहिली.

गुरुवार, १४ मार्च

आज जेवण गेलं नाही.

मास्तरीण — कापडाचे चाळीस थर एकावर एक घालून विजेच्या पात्याने कापते. बावीस वर्षं. तिने कापलेल्या चाळीस बाह्या एकावर एक ठेवा, सूतभर इकडेतिकडे नाही. आणि इस्त्रीवाली तिच्याच बरोबरची, मऊ बोलणारी. दोघी एकाच डब्यात जेवतात.

मधल्या सुट्टीत दोघी इस्त्रीच्या टेबलाशी.

"हात कसा आहे?" इस्त्रीवालीने विचारलं.

"कसा असायचा? सकाळी पोलक्याचं बटण लागत नाही. लेकीला म्हणते, मला उशीर होतोय, तूच लाव."

"मालकांना सांग ना."

"सांगते हं. उद्यापासून घरी बसा म्हणतील. हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, तुझ्याजवळच राहू दे."

मग डोक्यात उजेड पडला. पातं सुरू झालं की इस्त्रीवाली आपलं काम टाकून पलीकडे जाते आणि थरांवर दोन्ही हात रोवून उभी राहते. मला वाटायचं, काय शिस्त आहे कामाची! दोघी मिळून एक थरथरता हात झाकत होत्या. वर्षभर, माझ्या नाकासमोर. आणि एक बाही वाकडी गेली नाही. टोपी काढावी असं काम.

पण पात्यापासून बोट किती लांब असतं ते मला माहीत आहे.

शनिवार, १६ मार्च

सगळ्यांदेखत बोलावलं. मान द्यावा म्हणून. "मास्तरीणबाई, आजपासून पात्याला हात लावायचा नाही. दोन मुलींना शिकवा, कापलेलं तपासा. पगार आहे तोच."

ती हसेल असं वाटलं होतं. म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"मला कळतं सगळं."

"कोणी सांगितलं, मालक?"

"अहो, कोणीतरी काळजीपोटीच सांगितलं ना. राग धरू नका."

जीभ चावली, पण तोवर शब्द गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं.

मंगळवार, १९ मार्च

डबे दोन झाले. एक खिडकीशी, एक जिन्यावर.

शुक्रवार, २२ मार्च

आज फोनवर ऐकलं. मास्तरीण इस्त्रीवालीला म्हणाली, "बावीस वर्षं. आणि सांगायला तुला मालकच सापडले?" त्यावर नुसता वाफेचा आवाज. मग इस्त्रीवालीचा — "चहा घेतेस?" "नको."

एवढंच. 'मी नाही सांगितलं' असं ती एकदाही म्हणाली नाही. बटणवाल्या बायका तिला बातमीदारीण म्हणायला लागल्यात. "काय गं बातमीदारीण, आज मालकांच्या कानावर काय घातलंस?" स्वच्छ ऐकू येतं मला, शेजारी उभं राहून बोलल्यासारखं. ती मुकाट्याने गणवेशाची कॉलर दाबत राहते. एवढं पोटात ठेवायला केवढं पोट लागतं! मला टाचणी म्हणाले तर मी दोन दिवस फुगलो होतो.

जावईबापू म्हणतात, "आवाजाचं बोलू नका, बाबा. सगळ्या एका दिवसात उठून जातील."

शेवटी हिला सांगितलं. हिने भाजी चिरणं थांबवलं. म्हटलं, आता चार शब्द ऐकवणार. तर विचारलं काय — "आपल्या घरात कुठे बसवलेत का हो?"

चौतीस वर्षांचा संसार. नाही म्हणालो. तरी उठून एकदा कपाटावर बघून आली.

मंगळवार, २६ मार्च

सकाळी मशिनी बंद करायला लावल्या आणि सांगून टाकलं. "या कॅमेऱ्यांना कान आहेत. मी घरी बसून ऐकत होतो. मास्तरीणबाईंचं मी तिथूनच ऐकलं. या बाईने मला एक अक्षर सांगितलेलं नाही. आळ तिच्यावर आला तो माझ्यामुळे."

मागून एक बटणवाली म्हणाली, "म्हणजे ते टाचणी पण...?"

"तेही."

तिने पदर तोंडाला लावला.

मास्तरीण म्हणाली, "पोटच्या पोरीला जे बोलले नाही, ते तुम्ही जेवता जेवता ऐकलंत." वाटलं, ही आता पिशवी उचलणार. तिने स्टूल ओढलं. "धरा." मी धरलं. वर चढली आणि इस्त्रीवरचा कॅमेरा काढायला लागली. चार स्क्रू. तो हात, तो पेचकस. बराच वेळ लागला. मदतीला कोणी गेलं नाही — तिने तसं उभं राहूच दिलं नाही कुणाला. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत चाळीस माणसं श्वास धरून. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही.

कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाकीच्यांचे कान तेवढे बंद करा. चित्र राहू द्या. तुमचे गठ्ठे सापडतील."

मग इस्त्रीच्या टेबलाकडे गेली. दोघींत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

शनिवार, ३० मार्च

इस्त्रीवाली माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"मालक, माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांदेखत मान खाली घातलीत. राहवत नाही म्हणून सांगते. तो आळ नव्हता."

"म्हणजे?"

"बसवणाऱ्या माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याला ऐकू येतं का. हो म्हणाला. ती तुम्हाला जन्मात सांगणार नव्हती. बोट तुटायची वाट बघू का? तिला मुद्दाम कॅमेऱ्याखाली बसवलं आणि विचारलं."

मी उठून दाराची कडी नीट लागली का ते पाहिलं.

"मास्तरीण रोज माझी माफी मागतेय," ती म्हणाली. "एवढं तुमच्यापाशीच राहू द्या."

राहील. पण ही वही आता कुठे ठेवू?