आपली संमती आहे का?

४ मार्च

आजपासून नवं वाक्य. पत्ता विचारायचा, काय झालंय ते विचारायचं, आणि गाडी सोडण्याआधी टेबलावर चिकटवलेला कागद जसाच्या तसा वाचायचा — ‘रुग्णवाहिकेच्या या फेरीसाठी शुल्क आकारण्यात येईल. आपली संमती आहे का?’

महापालिकेच्या रुग्णवाहिका कक्षात आम्ही सहाजणी फोन घेतो. साहेब म्हणाले, आधी काही दिवस प्रयोग, मग सभागृह काय ते ठरवेल. लोक सर्दी-खोकल्यालाही गाडी मागवतात, त्याला आळा बसेल.

सोळा वर्षं या खुर्चीत बसून मी लोकांना एकच सांगत आले — घाबरू नका, गाडी निघाली. आज पहिल्याच माणसाने विचारलं, किती? सांगितलं. ‘बघतो,’ म्हणाला आणि फोन ठेवला. काय बघणार होता?

५ मार्च

आज सात जणांनी ठेवला.

९ मार्च

पेपरात आलंय. सभागृहापुढे आणखी एक प्रस्ताव आहे — सकाळी आठ ते अकरा शहराच्या मधल्या रस्त्यांवर खासगी गाड्या बंद. बस आणि रुग्णवाहिका मोकळ्या जाव्यात म्हणून. मला इतका आनंद झाला की चहा गाळता गाळता मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांनी कप खाली ठेवला.

नवऱ्याला मास्तर म्हणते, कारण अख्खी गल्लीच म्हणते. गाडी चालवायला शिकवतात. एकच गाडी, तिला दोन ब्रेक. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुका पायाने थांबवल्यात, त्यामुळे घरात टीव्ही बघतानाही समोर काही आलं की उजवा पाय फरशीवर दाबतात.

म्हणाले, सकाळचेच तर माझे धडे. रस्ता बंद झाला तर शिकवू कुठे, गच्चीवर? मी म्हटलं, आमची गाडी पुलावर वीस-वीस मिनिटं अडकते, आत माणूस असतो. तर म्हणाले, आणि मी घरी बसलो तर चालेल?



१४ मार्च

दुपारी एका आजोबांचा फोन. बायकोला श्वास लागलाय. पत्ता सांगितला, मजला सांगितला, जिना अरुंद आहे म्हणून सांगितलं. मी वाक्य वाचलं. त्यांनी फोन बाजूला धरून बायकोला विचारलं, मला स्पष्ट ऐकू आलं — ‘अगं, पैसे घेणार आहेत. बोलवू का?’

तिचं उत्तर ऐकू आलं नाही. आजोबा परत फोनवर आले. ‘नको म्हणते. तुम्हाला उगाच त्रास दिला.’

मी उलट फोन लावला. चार वेळा. उचलला नाही. साहेबांना विचारलं, अशीच पाठवू का गाडी? संमती नाही ना, मग ‘रद्द’ लिहा, म्हणाले. लिहिलं. माझ्याच अक्षरात!

१५ मार्च

जेवण जाईना. शेवटी मास्तरांना सगळं सांगितलं, अगदी ‘उगाच त्रास दिला’पर्यंत. मग म्हणाले, ते वाक्य तुला वाचावंच लागतं का?

मी अंगावर गेले. मग काय करू, नोकरी सोडू? त्यांनी माझं ताट उचललं.

२१ मार्च

आज सुनावणी. हॉल खचाखच भरलेला. दोन्ही प्रस्ताव एकाच दिवशी.

गाड्यांवर अडीच तास बोलणं झालं. दुकानदार बोलले, एक डॉक्टर बोलले, दोन मुलांना दोन शाळांत सोडणारे एक गृहस्थ जवळजवळ रडले. मास्तरही बोलले. इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून, छान बोलले. टाळ्या पडल्या. माझ्याही नकळत माझे हात हलले, मग मी ते मांडीवर दाबून धरले.

रुग्णवाहिकेच्या शुल्काची पाळी आली तेव्हा निम्मा हॉल घरी गेला होता. साहेबांनी आलेख दाखवला — अनावश्यक फोन चाळीस टक्क्यांनी घटले. मी हात वर केला. तीन मिनिटं मिळाली. म्हटलं, ते अनावश्यक नव्हते, मी ऐकलंय त्यांना. आजोबांचं सांगितलं.

अध्यक्षबाई चांगल्या वाटल्या, मान हलवत होत्या. त्यांनी विचारलं, ‘त्या आजींचं पुढे काय झालं?’

मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर पुढचं मला कधीच माहीत नसतं.

‘मग कशाच्या आधारावर म्हणताय?’

बसले खाली.

शुल्क मंजूर. कायमचं. गाड्यांचा प्रस्ताव अभ्यास समितीकडे — म्हणजे गेला बासनात.

येताना दोघं एकाच गाडीतून. मास्तर जिंकले होते, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. पुलावर अडकलो. मागे कुठेतरी सायरन सुरू झाला. मास्तरांनी गाडी कडेला घ्यायचा प्रयत्न केला. वीतभरही जागा नव्हती. सायरन वाजत राहिला.

२४ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रुग्णांच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, सांभाळून. आवाज अगदी मऊ.

मी माफी मागितली. दिवसभर तेच डोक्यात. माफी माग असं कुणी म्हटलं नव्हतं, मीच मागून आले.

२ एप्रिल

वाचते. नको म्हणतात. रद्द लिहिते. आता कागदाकडे बघावंही लागत नाही.

८ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

सकाळी शिकवताना मास्तरांच्या छातीत कळ आली. गाडी चालवत होत्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, शिकायचा चौथाच दिवस. त्यांनीच मला सगळं सांगितलं. त्यांनी गाडी थांबवून रुग्णवाहिकेसाठी फोन काढला, तर मास्तरांनी मनगट धरलं. नको म्हणाले. तुम्हीच चालवा, मी सांगतो.

आणि सांगत राहिले. क्लच. आता सोडा. हळू. घाबरू नका. पुलापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणलं बाईंनी. पुलावर गाड्यांच्या तीन रांगा, बहुतेक गाड्यांत एकेकटा माणूस. चाळीस मिनिटं. मधेच मास्तरांचं सांगणं थांबलं. बाई हॉर्न दाबून रडत राहिल्या, कुणी वळूनही पाहिलं नाही.

तिथून मी हाकेच्या अंतरावर होते. कानाला फोन लावून.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. हृदयाचा बराच भाग गेलाय. वाचले तरी गाडीत बसून शिकवणं आता नाही.

११ एप्रिल

आज बोलले. मी विचारलं, फोन का नाही करू दिलात? पैशांसाठी?

मान हलवली, नाही. मग थांबत थांबत म्हणाले, ‘तुझी ड्यूटी होती. फोन तू घेतला असतास, तर ते वाक्य तुला माझ्यासाठी वाचावं लागलं असतं.’

आणि मी वाचलं असतं.