वधूपित्याचे चोवीस किलोमीटर

३ ऑगस्ट, सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. साखर कारखान्यात तीस वर्षं ऊसविकास अधिकारी होतो, रोज अहवाल लिहायची सवय जात नाही.

विषय: उत्कर्षा. एकुलती एक मुलगी. फ्रान्समध्ये बियाण्यांवर संशोधन करते. तिनं तिकडचाच एक मुलगा पसंत केलाय, एतियेन नावाचा. मी स्पष्ट सांगितलं, पसंत तू कर, ठरवणार मी. ऑक्टोबरात येतो, मुलगा बघतो, घर बघतो, मग होकार की नकार ते कळवतो. शेवटचा शब्द वधूपित्याचा. ती बरं म्हणाली. मग विजयमालेनं फोन घेतला आणि तिकडं थंडी किती असते ते विचारलं. बायकोला गांभीर्य नाही.

मुलाचे वडील झिल्बेर, वय एकाहत्तर, विधुर. तरुणपणी ते मागणी घालायला आपल्या गावाहून मुलीच्या गावी डोंगरातून चालत गेले होते म्हणे. तेव्हापासून त्यांच्या घरात सोयरीक जुळायची असली की दोन्हीकडच्यांनी मिळून तीच वाट एका दिवसात चालायची. चोवीस किलोमीटर, चढउतार, मध्ये चार गावं. उत्कर्षानं विचारलं, पप्पा, चालेल ना? मी म्हणालो, चालेल की. मला वाटलं, पद्धत चालेल का असं विचारतेय. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती पायांबद्दल विचारत होती.

ठराव: रोज पाच किमी. सप्टेंबरपासून दहा. आणि प्रत्यक्ष त्या दिवशी व्याह्याच्या एक पाऊल तरी पुढं. आपल्याकडं मुलीचा बाप जन्मभर मागंच चालतो. माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

५ ऑगस्ट

पुण्याहून बूट आणले. हायकिंगचे. दुकानदार म्हणाला, आल्प्सला चालतात. त्यामुळं इथं घालायचे नाहीत, उगाच मळतील. थेट तिकडंच खोक्यातून काढायचे.

६ ऑगस्ट, सकाळी ६.३०

पहिला दिवस. कन्हेरीतून बारामतीच्या दिशेनं चालत निघालो. शंभर पावलं झाली असतील, तोच शेजारचा झुंबर मोटारसायकल घेऊन आडवा. म्हणाला, आबा, पायी का? गाडी बिघडली का वहिनीसंगं वाजलं? मी व्यायाम म्हणालो. तो म्हणाला, व्यायाम करा की, पण बसून जाऊ. बसलो. नाही म्हटलं असतं तर फ्रान्सला जायच्या आधीच शिष्ट झाला म्हणाला असता.

चाललो: शंभर पावलं. प्रवास: बारामतीपर्यंत. सुरुवात म्हणून वाईट नाही.

९ ऑगस्ट

झुंबर गेले तिन्ही दिवस ठरल्यासारखा वेळेवर. आता माझी वाटच बघतो. ओळखीच्या रस्त्यावर सराव होत नाही, हे सिद्ध झालं. उद्या लांब जायचं. सुपे ते कऱ्हाटी. तिकडं मला कुणी ओळखत नाही.

१० ऑगस्ट, दुपारी १

एसटीनं सुप्याला उतरलो. उघडं माळरान, चढउतार, कुत्रं नाही की माणूस नाही. फ्रान्स असंच असणार. वीस मिनिटं झकास चाललो. मग दुधाचा टेम्पो थांबला. डायव्हर म्हणाला, पाव्हणं, हितनं पुढं सावली न्हाय, चढा वर. मी नको म्हणालो. तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि काय अडचण हाय ते सांगा म्हणाला. एवढ्यात रानातनं साखरबाई नावाच्या एक आजी आल्या. त्यांनी चहा पाजला, पोरं सांभाळत न्हायती का म्हणून विचारलं आणि डोळ्याला पदर लावला. तिसरा एक जण म्हणाला, तसं न्हाय, पायी हिंडतुया म्हंजी सोसायटीच्या विलेक्शनला हुबा ऱ्हाणार. तिघांचं एकमत होईना. शेवटी मीच टेम्पोत जाऊन बसलो.

या तालुक्यात माणूस निवांत पायी चालूच शकत नाही. दोष माझा नाही.

१४ ऑगस्ट

श्रावण. उपास. रिकाम्या पोटी चालणं घातक. मग खिचडी खाल्ली. खिचडीवर चालणं त्याहून घातक.

२९ ऑगस्ट

घरात गणपती. पाहुणे. मोदक एकवीस, त्यातले किती मी, हा खासगी प्रश्न.

९ सप्टेंबर

दहा किमी आजपासून सुरू करणार होतो. विजयमालेनंच आठवण केली की पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत. मी परंपरा पाळणारा आहे. ती म्हणाली, चालणं नवं कुठनं आलं? दुर्लक्ष केलं.

२३ सप्टेंबर

नवरात्र. विजयमाला नऊ दिवस अनवाणी. पहाटे बायकांबरोबर देवीला जाऊन येते, वर रानात चक्कर. हिशेब केला तर रोजचे सहासात किमी होतात. पण त्यात शास्त्र नाही, प्लॅनिंग नाही, घड्याळ लावलेलं नाही. त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत.

मी यूट्यूबवर स्ट्राइडचे, म्हणजे पाऊल कसं टाकावं याचे, तीन व्हिडिओ बघितले.

२८ सप्टेंबर

इंदापूरला सिंधुबाईकडं गेलो. थोरली बहीण, तिचा निरोप घेणं भाग होतं. तिथं चार माणसं जमली होती, बोलता बोलता मी रोज दहा किमी चालतो असं तोंडातून गेलं. संध्याकाळी तिथल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी नको नको म्हणत होतो, पण शाल अंगावर आल्यावर काय करणार. दोन शब्दही बोललो. पंचवीस मिनिटं.

३ ऑक्टोबर

कन्हेरीत पोरांनी फ्लेक्स लावला. माझा हात वर केलेला फोटो, मागं बर्फाचे डोंगर. खाली: फ्रान्स येथील चोवीस किमी पदयात्रा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी म्हणालो, अरे, अजून गेलोय कुठं? तर म्हणाले, आबा, तुमी करणारच की.

आता करणं भाग आहे.

८ ऑक्टोबर, फ्रान्स

पोचलो. गावाचं नाव अकरा अक्षरी, पण उच्चारात चारच वापरतात. बाकीची का ठेवलीत माहीत नाही.

मुलगा पाहिला. उंच आहे. भांडी स्वतः घासतो. ही गोष्ट गुणात धरावी की दोषात, अजून ठरत नाही. घर दगडी, भक्कम. झिल्बेर हडकुळे, सारखे हसतात, बुटांना भोकं. दोघांत मोठा कोण दिसतो हे बघणाऱ्याला लगेच कळेल.

होकाराचं भाषण लिहून ठेवलंय, दीड पान. उत्कर्षानं भाषांतर करायचं. पण लगेच द्यायचं नाही. वाटेवरच्या सगळ्यात उंच टेकडीवर, दोन्हीकडची माणसं उभी असताना. तोवर चेहरा कडक.

खरं लिहायचं तर होकार कधीचाच तयार आहे. पोरगी इथं खूश दिसते. पण तो फुकट वाटल्यासारखा द्यायचा नाही. दिल्यावर माझ्याकडं द्यायला काय उरतं?

११ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

प्रस्थान. मी: नवे बूट, जॅकेट, टोपी, काठी, खिशात भाषण. झिल्बेर: हाफ पँट. विजयमाला: साडी, स्वेटर, पायात उत्कर्षाचे जुने बूट, मोठे होतात म्हणून आत दोन मोजे. तिला म्हणालो, तू दुसऱ्या गावापर्यंत ये आणि मग गाडीत बस. उत्कर्षा आणि एतियेन जेवण घेऊन त्या गावात गाडीनं येणार आहेत, तिथून उत्कर्षा आमच्याबरोबर चालणार.

९.३०

चार किमी. मी जवळजवळ अर्धा किमी पुढं. झिल्बेर दर गाईपाशी थांबतात, दगडी बांधावरून हात फिरवतात आणि विजयमालेला काहीतरी दाखवतात. ती मराठीत उत्तर देते. असं चालून दिवाळी उजाडेल. मुलीकडचे पुढं आहेत, नोंद असावी.

१०.१०

पुढं होतो तो रस्ता एका गोठ्यात संपला. कुत्रा होता. परत आलो. व्याही मी चुकलो त्या फाट्यावर बसून विजयमालेबरोबर सफरचंद खात होते. मला पण दिलं.

११.२०

पहिलं गाव गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक म्हातारी खिडकीतून बोंझूर म्हणाली आणि खिडकी लावली. कुठले, कुठं निघाला, पायी का, काही विचारलं नाही. आतापर्यंत सात गाड्या गेल्या. प्रत्येक गाडी हळू झाली, लांबून वळसा घालून गेली. एकानं बसा म्हटलं नाही. मी दोनदा मुद्दाम काठी टेकून उभा राहिलो. हा देश चालतो कसा?

११.५०

डावी टाच.

१२.१०

दोन्ही टाचा. आल्प्सला चालणारे बूट इथं चावतात. दुकानदाराला पत्र लिहिणार.

१२.४०

घडलं ते असं. दुसऱ्या गावाच्या तोंडाशी मी कठड्यावर बसलो, दृश्य बघायला. झिल्बेर आले, माझ्याकडं बघितलं, गुडघे टेकले आणि माझा बूट काढला. मी नको नको म्हणतोय, त्यांना कळत नाही. मोजा काढला. फोड फुटलेला. आपल्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी माझे दोन्ही पाय धुतले, रुमालानं पुसले, पट्ट्या लावल्या.

पहिला विचार: मुलाकडच्यानं मुलीच्या बापाचे पाय धुतले. बारामती तालुक्यात असं झालेलं नाही. विजयमालेला डोळ्यानं खुणावलं, फोटो काढ. तिनं काढला नाही. दुसरीकडं बघत उभी राहिली.

दुसरा विचार आला, तो असा की एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्यासाठी खाली बसलाय आणि मी फोटोचं बघतोय. सासऱ्यांचा चेहरा आठवला. पुढचं लिहीत नाही.

१.४५

जेवण झालं. पाव, चीज, विजयमालेची शेंगदाण्याची चटणी. झिल्बेरनी चटणी पावाला लोण्यासारखी फासली आणि माझी पाण्याची बाटली संपवली.

निर्णय: मी गाडीनं पुढं. माघार नव्हे. शेवटच्या गावची व्यवस्था कुणीतरी आधी जाऊन बघायलाच हवी. भाषण तिथं देईन, गावाच्या चौकात. टेकडीपेक्षा चौकच शोभेल. उत्कर्षा माझ्या काळजीनं गाडीतच बसली, एतियेन चालवणार. विजयमालेला म्हणालो, चल. ती म्हणाली, झिल्बेरभाऊ एकटे कसे जातील? राहिलेले चौदा किमी, वर डोंगर, दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही. होऊ दे हौस. तासाभरात फोन येईल.

६.१५

फोन आला नाही. गाडी चौकात चर्चसमोर लावली होती. पुढच्या सीटवर मला डोळा लागला. उठलो तर उतारावरून दोघं येतायत, हात हलवत. विजयमाला घामाघूम, पदर कमरेला, तोंडभर हसू. झिल्बेरचे डोळे लाल.

उत्कर्षा धावत गेली. विजयमालेनं तिच्या हातावर अक्रोडाचं अर्धं टरफल ठेवलं आणि म्हणाली, बाळा, तुझी सुपारी फुटली.

हकिगत: वरच्या टेकडीवर अक्रोडाचं झाड आहे. खाली सडा पडलेला. झिल्बेरनी एक उचलला, दगडावर फोडला, अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः घेतला. तिला वाटलं, मुलाकडच्यांनी सुपारी फोडली, आता आपण मोकळ्या हातानं कसं राहायचं? पर्समध्ये विमानात मिळालेली साखरेची पुडी होती. ती फोडून त्यांच्या तळहातावर घातली. साखरपुडा. त्यांनी खाल्ली आणि रडायला लागले, कारण त्यांच्या बायकोनं तेव्हा वाटेत सामोरं येऊन होकार दिला तो त्याच झाडाखाली. ते एतियेननं नंतर सांगितलं. मग बोटांवर महिना ठरला. डिसेंबर. तारीख काडीनं मातीत लिहिली. मार्गशीर्ष आहे, मोबाइलवर कॅलेंडर बघून घेतलं म्हणाली.

मी खिशातून भाषण काढलं. उत्कर्षाला म्हणालो, मला दोन शब्द बोलायचेत, भाषांतर कर. मी, वधूपिता या नात्यानं, एवढं वाचलं. ती म्हणाली, पप्पा, ठरलं की. आणि माझा दंड धरून उभी राहिली. कागद घडी करून परत ठेवला. मला रडू आलं. टाचा दुखतात म्हणून सांगितलं.

१९ ऑक्टोबर, कन्हेरी

परत. सकाळपासून ओटा भरलेला. सिंधुबाई इंदापूरहून पेढे घेऊन आली, झुंबर चहाच्या तिसऱ्या कपावर. सगळ्यांना विजयमालेकडून ऐकायचंय. ती चौथ्यांदा सांगतेय: झाड, दगड, पुडी, काडी. बायका मध्ये मध्ये डोळे पुसतायत.

मी माझी बाजू सांगायला दोनदा घसा खाकरला. सांगता सांगता गोठ्यापर्यंत आलो, तेवढ्यात कुणीतरी पेढा पुढं केला.

मग झुंबर माझ्याकडं वळला. सोयरिकीच्या बैठकीत वधूपिता कुठं बसला, यावर आमच्याकडं माणसाचा मान ठरतो. लोड कुणाला, सतरंजी कुणाला, सगळं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. त्यानं विचारलं, आबा, लेकीची सुपारी फुटली तवा तुमी कुठं बसला हुता?

पुढच्या सीटवर, म्हणालो.